एका खाचेसाठी काष्टी, कोल्हार, खर्डा

परदेशात पेटंट घ्यायचं म्हणजे सूटबूट चढवून जिनिव्हाला जावं लागतं, असा आमच्या सोसायटीत समज आहे. त्यामुळे "आंतरराष्ट्रीय कामासाठी तीन दिवस बाहेर चालले आहे" असं मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिकडची चॉकलेटं आणायला सांगितली. मी गेले काष्टी, कोल्हार आणि खर्ड्याला. तिन्ही गावं अहिल्यानगर जिल्ह्यातली, पण जिल्ह्याच्या अशा तीन टोकांना की कोणीतरी मुद्दाम एकमेकांपासून लांब ठेवावीत.

मी पेटंट एजंट आहे. पंचवीस वर्षं पुण्यात हेच करते. शोध लावणं माझं काम नाही. कोणी लावलेला शोध दुसऱ्यानं ढापू नये म्हणून कागद करायचे, हे माझं काम. वर्षभरापूर्वी काष्टीच्या बबनरावांनी कांद्याची रोपं लावायच्या यंत्राचा अर्ज आमच्यामार्फत भारतात दाखल केला होता. पुढे पुण्याच्या कृषी प्रदर्शनात इजिप्तची काही मंडळी ते यंत्र पाहून हरखली आणि आमच्या देशात याचं संरक्षण आहे का, असं विचारून गेली. तेव्हापासून बबनराव इजिप्तसाठी हटून बसले होते. परदेशातला अर्ज भारतातल्या अर्जापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ते वर्ष मंगळवारी संपत होतं.

त्याआधीच्या गुरुवारी मी कागद तपासायला घेतले. संशोधक म्हणून नाव होतं भास्करराव यांचं, म्हणजे बबनरावांच्या थोरल्या भावाचं. एका आकृतीत खाच नीट दिसत नव्हती, म्हणून बबनरावांना फोन करून म्हटलं की तेवढं भास्कररावांना विचारून सांगा.

"दादाला काय इचारता मॅडम," बबनराव म्हणाले. "दादानं आजून मशीन बगितल्यालंबी न्हाई."

मी शनिवारी पहाटेच गाडी काढली.

शनिवार, काष्टी

दौंड ओलांडलं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या मालक होतात. जानेवारीचे दिवस, कारखाने जोरात. एका ट्रॉलीच्या मागे मी इतका वेळ होते की तिच्यावर लिहिलेल्या सगळ्या देवांची नावं मला पाठ झाली.

शनिवार हा काष्टीचा बाजाराचा दिवस आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जनावरांच्या त्या गर्दीत मिळेल तिथे गाडी लावली आणि बबनरावांचं वर्कशॉप शोधायला गेले. पाऊण तासानं परत आले तर दोन पागोटेवाले गृहस्थ माझ्या गाडीभोवती फिरत होते. एकानं वाकून टायर पाहिले, दुसऱ्यानं बॉनेटवर थाप मारली. मी गाडी बैलांच्या रांगेत लावली होती. रांगेत उभं आहे ते विकायला आहे, हा इथला नियम, आणि एका दलालानं माझ्या वतीनं बोलणी बरीच पुढे नेली होती. गाडी विकायची नाही म्हटल्यावर तो माझ्यावरच रागावला. मग आणलीच कशाला, असा त्याचा सवाल होता.

बबनराव पंचेचाळिशीचे, हसरे, कपाळावर वेल्डिंगच्या चष्म्याचा कायमचा वण. त्यांनी यंत्र दाखवलं. लोखंडी चाकाच्या कडेला वाकड्या सळयांची चोवीस बोटं बसवलेली. प्रत्येक बोटाच्या टोकाला एक बारीक खाच. रोपाची मान त्या खाचेत अडकते, बोट चिखलात शिरतं, रोप तिथे रुजतं आणि बोट रिकामं वर येतं. रोपाला इजा नाही. अशी यंत्रं जगात बरीच आहेत, पण ही खाच कुठेच नाही. सगळं पेटंट त्या खाचेवर उभं होतं.

तिथून आम्ही चहाला निघालो, तर अवजारांच्या रांगेत मला तेच यंत्र दिसलं. पुढे आणखी एक. मग हिरव्या रंगात तिसरं. मला वाटलं, नक्कल सुरू झाली. विकणारा मोठ्या अभिमानानं सांगत होता की हा बबनशेठचा पॅटर्न आहे, साधासुधा नाही. बबनराव चिडतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खाली बसून त्या माणसाला वेल्डिंग कुठे कच्चं राहिलंय ते दाखवत होते.

मग मला इथली पद्धत कळली. कोणाचं अवजार पाहून तसंच करायचं असेल, तर टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन मूळच्या माणसाकडे जायचं. त्यानं नारळ फोडला की परवानगी मिळाली. बबनरावांच्या घरी अशा टोप्यांनी एक पत्र्याची पेटी भरली होती. आमच्याकडे ह्याच कामासाठी चाळीस पानांचा करार लागतो आणि तो झाल्यावर दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत. तरीही मी त्यांना बजावलं की इजिप्तमधून कोणी टोपी घेऊन येणार नाही.

चहाच्या टपरीवर मी त्यांना जगाचा कायदा समजावला. सगळ्या जगाला मिळून एक पेटंट नसतं. ज्या देशात हक्क हवा त्या देशाचं वेगळं घ्यावं लागतं. ते त्यांना लगेच पटलं. काष्टीचा सातबारा पारगावला चालत नाही, तसंच ना, म्हणाले. मग पॅरिसचा जुना करार सांगितला. एका देशात अर्ज केला की त्या तारखेचा मान बाकीचे देश वर्षभर राखतात. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तिकडे अर्ज केला तरी आपण आधीचे ठरतो.

बबनरावांनी बशीतला चहा संपवला. "म्हंजी यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकायचा," ते म्हणाले. "जागा आपली. पर वर्साच्या आत बूड टेकलं पायजे."

पंचवीस वर्षांत मी ह्या कलमावर तीन व्याख्यानं दिली आहेत. ती सगळी फुकट गेली असं मला त्या क्षणी वाटलं. पुढचंही मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. आता जिनिव्हाच्या कार्यालयातून एकच अर्ज केला की दीडशेच्या वर देशांत एकदम रुमाल पडतो. पण अर्जात खऱ्या संशोधकाचं नाव हवं. काही देशांत खोटं नाव घातलं किंवा खरं गाळलं, तर पुढे कधीही सगळं पेटंट बाद होऊ शकतं.

"मग तुमचं नाव का नाही घातलं?" मी विचारलं.

ते एकदम अवघडले. घरात थोरला भाऊ असताना धाकट्यानं आपलं नाव पुढे कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. ट्रॅक्टरवर दादाचं नाव, विहिरीवर दादाचं नाव, लग्नपत्रिकेत दादाचं नाव. अर्जातही तो रकाना दिसला आणि त्यांनी दादाचं नाव लिहून टाकलं. आमच्या ऑफिसनं ते जसंच्या तसं टाइप केलं, कारण त्या दिवशी मी रजेवर होते.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ठीक आहे, आता तुमचं घालू. तर बबनराव मान हलवेनात.

"चाक माजं हाय. फ्रेम माजी," ते म्हणाले. "पर खाच माजी न्हाई. ती खर्ड्याच्या आक्काची."

आक्का म्हणजे सुमनताई, मधली बहीण. खर्ड्याला दिलेली. आता माझ्याकडे तीन भावंडं होती. एकानं काही केलं नव्हतं आणि त्याचं नाव होतं. दोघांनी केलं होतं आणि त्यांची नावं नव्हती. दादांनी आपलं नाव मागे घेतल्याचा लेखी कागद दिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नव्हतं, म्हणून मी बबनरावांना म्हटलं, चला कोल्हारला. ते मुलीच्या सासरी निघाल्यासारखे पांढरे कपडे घालून आले.

रविवार, कोल्हार

नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. माझ्या कमरेला काय ते माहीत आहे. प्रवरेचा पूल आला, हिरवळ आली आणि भगवतीच्या देवळाशी पेढे घेऊन आम्ही भास्कररावांच्या घरी पोचलो.

भास्करराव निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीच्या निमित्तानं कोल्हारला आले आणि इथलेच झाले. दारातच मी थबकले. दिवाणखान्याच्या मधोमध सोनेरी चौकटीत आमच्या अर्जाची पोचपावती लावली होती आणि तिला झेंडूचा हार घातला होता. पेटंट मिळालेलं नाही, ही नुसती पावती आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पेढा घालून बंद केलं.

चहा आला. साखरेच्या मुलखातला चहा, चमचा उभा राहील असा. पुण्यात आम्ही ह्याच्या अर्ध्यात सहा जणांचं भागवतो. भास्कररावांनी घसा साफ केला आणि मी न विचारता शोधाची कथा सुरू केली. एके दिवशी फळ्यावर लिहिताना त्यांचं लक्ष खडू धरलेल्या स्वतःच्या बोटांकडे गेलं. ही पकड! खडू सुटत नाही आणि मोडतही नाही! तिथेच त्यांना खाच सुचली. आवाजात असे चढउतार होते की ही कथा त्यांनी बऱ्याचदा सांगितली आहे हे उघड होतं. तालुक्यातल्या शाळांमधून "माझे संशोधन" ह्या विषयावर त्यांची भाषणं होतात, असं वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कौतुकानं सांगितलं.

मी बबनरावांकडे पाहिलं. ते भक्तिभावानं माना डोलावत होते.

मला राग आवरेना. चाकाला किती बोटं आहेत, असं मी विचारलं. भास्करराव म्हणाले, दहा. माणसाला असतात तितकीच. बबनराव तरीही डोलावत होते.

मग मी फाईल उघडली आणि सरळ सांगितलं. तुमचं नाव काढावं लागेल, उद्यापर्यंत. नाही काढलं तर इजिप्तच काय, कुठल्याच देशात बबनरावांच्या अर्जाचा भरवसा नाही, आणि मंगळवार उलटला की पुन्हा संधीही नाही. वहिनी पदर सावरत आत गेल्या.

"ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला आहे," भास्करराव हळू म्हणाले. "चौतीस वर्षं शिकवलं मी. निवृत्तीच्या दिवशी पाऊस होता, कार्यक्रम रद्द झाला. पुढे कोणी केलाच नाही. हा पहिला सत्कार. आता लोकांना जाऊन काय सांगू?"

मला भांडायचं होतं आणि भांडता येईना. खोटं बोलणारा माणूस समोर असावा आणि त्याच्याबद्दलच वाईट वाटावं, ही फार गैरसोयीची गोष्ट आहे. बबनराव तर उठूनच उभे राहिले. राहू द्या इजिप्त, म्हणाले, दादाचं नाव काढून मला काही नको. इतके महिने ज्या इजिप्तसाठी ह्या माणसानं मला दर आठवड्याला फोन केले, तो त्यानं एका वाक्यात सोडून दिला.

सुटका केली वहिनींनी. आतून येऊन त्या म्हणाल्या की सुमनवन्संकडे तीन वर्षांत कोणी गेलेलं नाही, भाऊबीजेलाही त्या आल्या नाहीत. कागद राहू दे बाजूला, आधी त्यांच्याकडे जाऊन या. भास्कररावांना वाटही मिळाली आणि मुदतही. सुमन स्वतःच्या तोंडानं खाच माझी म्हणाली तर विचार करेन, असं ते म्हणाले.

सोमवार, खर्डा

नगरहून जामखेडकडे जाताना वाटेत बीड जिल्हा लागतो. आपल्याच जिल्ह्यात जायला दुसऱ्याचा जिल्हा ओलांडायचा, ह्याचं तिथे कोणाला नवल नाही. पुढच्या सीटवर भास्करराव, मागे बबनराव. दादांना वारा लागतो म्हणून काचा वर, बबनरावांना काचा वर असल्या की मळमळतं. कडा गावाच्या पुढे बबनरावांसाठी दोनदा थांबावं लागलं, पण दादांना काच खाली घ्या म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

ऊस केव्हाच संपला होता. आता ज्वारीची ताटं, मधे मधे उघडी माळरानं, आणि दूरवर जाणारी नजर. खर्ड्याच्या किल्ल्याचा दरवाजा भक्कम आणि देखणा आहे. मी तो गाडीतूनच पाहिला, कारण बुरूज पाहायला थांबू या का असं विचारल्यावर भास्कररावांनी मला मराठे आणि निजामाच्या तिथल्या लढाईचा इतिहास सांगायला सुरुवात केली.

सुमनताई शेतात होत्या. वाफ्यांत पाणी सोडलेलं, सात-आठ बायका ओणव्या होऊन कांद्याची रोपं लावत होत्या. पन्नाशीची एक काटक बाई डोक्यावर टॉवेल बांधून सगळ्यांत पुढे होती. तिनं भावांना पाहिलं, हातातली मूठभर रोपं लावून संपवली आणि मगच उठली.

"माजी पळी आनली का?" हे तिचं पहिलं वाक्य. बबनरावांना उद्देशून.

बबनरावांनी मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की ह्या बाईचा तीन वर्षांचा अबोला पेटंटवरून नव्हता. तो पळीवरून होता.

आम्हाला बांधावर बसवून त्यांनी आधी जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी. ही डाळीची आमटी इतकी तिखट असते की बोलायचं ते सगळं विसरायला होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सुमनताई मला आग्रहानं वाढत होत्या. जेवताना त्यांनी हकिकत सांगितली. वीस वर्षं त्या टोळीबरोबर कांदे लावतायत. रोप चिखलात बोटानं दाबायचं, दिवसाला हजारो वेळा. नख जातं, बोट सुजतं. एका वर्षी बोट वाकेचना, तेव्हा त्यांनी सासूच्या पितळी पळीचा दांडा वाकवून चिंधीनं बोटाला बांधला. पण दांड्यावरून रोप घसरायचं. म्हणून कानशीनं टोकाला खाच पाडली. आधी खोल पाडली तर रोप सुटेना, मग थोडी थोडी घासत बरोबर जमवली. चार दिवस गेले त्यात. भाऊबीजेला गेल्या तेव्हा बबननं ती पाहिली, लोखंडात करून देतो म्हणून ठेवून घेतली आणि परत दिलीच नाही.

"सासूची वस्तू हुती," त्या म्हणाल्या. "लई बोलनी खाल्ली म्या."

बबनरावांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली पळी काढून त्यांच्यापुढे ठेवली. नमुना म्हणून तीन वर्षं ती वर्कशॉपच्या भिंतीला टांगलेली होती; काष्टीहून निघताना त्यांनी ती बरोबर घेतली होती. सुमनताईंनी ती पदरानं पुसली आणि सवयीनं बोटाला लावून पाहिली. ते बोट तेव्हा मी नीट पाहिलं. मधलं पेर सुजून कायमचं ताठ झालेलं, नखाच्या जागी नुसती कातडी.

भास्कररावही पाहत होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद द्या."

मी मजकूर तयार करून आणला होता. नजरचुकीनं नाव घातलं गेलं, असा. त्यांनी तो मास्तरी काळजीनं दोनदा वाचला आणि पेनानं एका शब्दावर रेघ मारली.

"नजरचुकीनं लिहू नका," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी असेल. नंतर मला माहीत होतं. मला बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसलो."

त्या कागदावर त्यांनी सुरेख वळणदार सही केली. मग बबनरावांना म्हणाले, थोरला म्हणून सांगतो, तू आणि सुमन, दोघांची नावं घाल. बबनराव रडत होते, आमटीचं निमित्त करून. दादांनी हुकूम दिल्यावर त्यांना आपलं नाव लिहायला काहीच अडचण राहिली नाही.

राहिली सुमनताईंची सही. त्यांना संशोधक म्हणूनच नाही तर अर्जदार, म्हणजे हक्काची भागीदार, म्हणूनही घ्यायचं, हे मी वाटेतच ठरवलं होतं आणि बबनरावांनी लगेच मान्य केलं. मी त्यांना कागद समजावले. हा हक्क तुमचा. तुम्हा दोघांच्या परवानगीशिवाय त्या त्या देशात अशी खाच कोणी करू शकणार नाही. त्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबल्या.

"तिकडंबी बायाच लावत्यात का कांदे?"

मी म्हटलं, बहुतेक बायाच असाव्यात.

"मंग त्येंचीबी बोटं जात आस्तील. येकादीनं माज्यासारकीच पळी बांदली, तर तुमी तिला बंद करायला लावनार का?"

मी उत्तर द्यायला सुरुवात केली. घरगुती वापराला पुष्कळ देशांत सूट असते, पण शेत म्हटलं की धंदा येतो, शिवाय देशोदेशीचे नियम वेगळे. माझं मलाच ऐकवेना. शेवटी म्हटलं की कायद्यानं कदाचित बंद करता येईल. पण हक्क तुमचा आहे, चालेल म्हणायचा अधिकारही तुमचाच.

"मंग तसं लिवा आदी," त्या म्हणाल्या. "यंत्र करून इकनाऱ्याला आडवा. बोटाला बांदनारीला न्हाई."

मी भास्कररावांकडून एक कोरा कागद मागून घेतला. कोणत्याही देशातल्या बाईनं स्वतःच्या हातासाठी अशी खाच केली तर माझी हरकत नाही, असं मराठीत लिहिलं. भास्कररावांनी दोन ठिकाणी विरामचिन्हं दुरुस्त केली. सुमनताईंनी ताठ बोट बाजूला ठेवून, अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात पेन धरून, आधी त्या कागदावर सही केली आणि मग माझ्या सगळ्या फॉर्मवर. मग त्या वाफ्यात परत गेल्या, कारण पाणी ओसरत होतं.

मंगळवारी दुपारी अर्ज दाखल झाला. संशोधक दोन, अर्जदार दोन. ऑनलाइन अर्जात प्रत्येक कागदासाठी एक रकाना असतो आणि मी सुमनताईंचा तो मराठी कागद जोडायला सगळे रकाने खालपासून वरपर्यंत पाहिले. अशा कागदासाठी कोणत्याही देशानं रकाना ठेवलेला नाही. मी तो फाईलमध्ये सगळ्यांत वर लावला आहे, म्हणजे माझ्यानंतर जो कोणी ही फाईल उघडेल त्याला तो आधी वाचावा लागेल.